धुतलेल्या गोण्या

खताची रिकामी गोणी दिसली की जमनाचे डोळे लकाकायचे. लकाकणारच! कोंडपाड्यात गोणीवाचून कुणाचं घर उभं आहे? पावसाची झड येते त्या बाजूला कुडावर गोणी, कौल गळतं तिथं गोणी, भात भरायला गोणी, चिकू वेचायला गोणी, पोर निजवायला खाली गोणी, आणि भाताच्या आवणीला, रोपं लावायला वाकायचं तर पाठीवर गोणीचीच खोळ. पाऊस तोंडावर आला की पाड्यातल्या बाया गोण्यांवर डोळा ठेवून फिरतात. त्यात लाजायचं काय?

म्हणून त्या वैशाखात दौलतशेठच्या चिकूवाडीत खताची कोठी साफ करायचं काम निघालं, तेव्हा जमनानं आत पाय टाकल्याबरोबर आधी गोण्याच बघितल्या. ती आणि तिचा नवरा काळ्या, दोघं आशागडच्या अलीकडच्या या वाडीत रोजानं जायची. कोठीत असा उग्र वास कोंडला होता की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मागच्या पावसात पत्रा गळला होता आणि तळाला रचलेला युरिया भिजून पार दगड झाला होता. काळ्यानं कुदळीचा दांडा हाणला तर ठण्ण वाजलं.

शेठचा मुलगा प्रितेश नाकाला रुमाल लावून दारातच उभा होता. वाडीचं हल्ली तोच बघायचा. ठिबकच्या नळ्या टाकल्यापासून त्याला पाण्यात विरघळणारं भारीतलं खत लागायचं, हे जुनं पांढरं खत नको झालं होतं.

"काढून टाक रे हे सगळं," तो म्हणाला.

"कुठं टाकू शेठ?"

"कुठेही टाक. फक्त वाडीत नको. एवढं एका जागी पडलं तर झाडं जळतील."

"शेठ, गोण्या मी नेऊ?" जमनानं मध्येच तोंड घातलं.

प्रितेश हसला. "ने ना. काय करायच्यात मला?"

ने म्हटलं! जमनाच्या अंगात वारं शिरलं. गोण्या जाड होत्या, आत प्लास्टिकचं अस्तर, एकीलाही उंदीर लागलेला नव्हता. एक गोणी तिनं फरफटत वाडीच्या विहिरीकडे ओढली. तिथं पाण्याचा हौद होता, दगड भिजवून फोडला की गोणी मोकळी होणार होती. तेवढ्यात ओट्यावरून प्रितेशची बायको मयुरा ओरडली.

"ए जमना! तिथे नाही हं! ते आमचं प्यायचं पाणी आहे. घाण होईल सगळं. तुमच्या ओहोळावर ने की, तिथे काय ते धुवा!"

"नेते वहिनी," जमना म्हणाली, आणि वर हसली. मालकीण बोलली की हसायचं, ही सवय तिच्या तोंडाला अशी चिकटली होती की शिवी दिली असती तरी ती हसलीच असती.

काळ्यानं वाडीची हातगाडी घेतली, दोघांनी मिळून सगळा माल ओहोळावर नेला.

वैशाखात ओहोळ कसला, नुसती वाळू न् गोटे. पाड्याच्या खालच्या अंगाला तेवढा एक डोह उरतो. सगळे मासे, खेकडे, कोळंबी आटत आटत त्याच डोहात गोळा होतात, आणि डोहाच्या कडेच्या वाळूत पाड्याचा झिरा असतो. झिरा म्हणजे खणलेला खड्डा. डोहाचं पाणी वाळूतून झिरपून त्यात उतरतं, ते करवंटीनं हांड्यात भरायचं आणि प्यायचं. पाड्यात नळ आलेत, नाही असं नाही. कोरड्या तोट्यांवर पोरं म्हशींची दावी अडकवतात.

त्या डोहाला पाड्याची शिस्त होती. पावसाच्या आधी एक दिवस ठरायचा. त्या दिवशी सगळा पाडा मिळून गेळाची फळं ठेचायचा, त्याचा साबणासारखा फेस डोहात सोडायचा, आणि मासे झिंगून वर आले की टोपल्यांनी काढायचा. गेळानं मासा मरत नाही, नुसता गुंगतो. चांगल्या पाण्यात टाकला तर पुन्हा पळायला लागतो. ज्यानं गेळ घातली त्यानं पहिला मासा भाजून सगळ्यांदेखत खायचा, मग बाकीच्यांनी तोंड लावायचं. आणि ठरल्या दिवसाआधी कुणी एकट्यानं गेळ घातलीच, तर त्याच्या घराला पाऊस पडेपर्यंत झिरा बंद. म्हातारा हिरू हे सगळं बघायचा. गेळ ठेचण्यात काळ्याचा हात धरणारं मात्र दुसरं कुणी नव्हतं.

दोघांनी गोण्यांची तोंडं उसवली आणि त्या डोहात लोटल्या. काळ्या कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लाथांनी दगड फोडायचा, जमना अस्तर उलटं करून घासायची. आणि बघता बघता पाणी गार पडलं. वर डोकं फोडणारं ऊन, आणि डोहाचं पाणी माठातल्यासारखं! जमनानं खताच्या दगडाला हात लावला तर बोटं बधिरली.

"जमने, बघ की," काळ्या पोरासारखा खिदळला. "शेठच्या घरचा फ्रीजच आणला आपण."

शेजारीण रूपी हांडा घेऊन झिऱ्यावर चालली होती. तिनंही पाय पाण्यात सोडले. "आई गं! काय गार लागतंय! गोण्या धुतल्या की दरसाली लागतं, पण एवढं नाय." जाताना तिनं दुधीच्या वेलाला घालायला एक ढेकूळ पदरात बांधून नेलं.

जमनानंही थोडं ठेवलं. बाकीचं डोहात विरघळून गेलं. उन्हात वाळत घातलेल्या गोण्या इतक्या पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या की ती मागं वळून वळून बघत घरी गेली.

*

पाचसहा दिवसांत डोहाचं पाणी हिरवं पडलं. मग एका सकाळी झिऱ्यावरून रूपीची बोंब उठली आणि सगळा पाडा खाली धावला.

शी! काय ते दृश्य! डोहावर मासेच मासे, पांढरी पोटं वर करून. शिंगट्या, खवल्या, बोटाएवढी पिलं, सगळी एकमेकांना चिकटलेली. खेकडे पाणी सोडून दगडांवर चढले होते आणि तिथंच मरून पडले होते. मरळ म्हणजे चिखलातसुद्धा जगणारी जात, तिचेही डोळे पांढरे. आणि वास! कोंडलेल्या गोठ्याचा, शिळ्या मुताचा वास. त्यात उन्हानं फुगलेल्या माशांचा कुजका दर्प मिसळलेला. पोरांना ओकाऱ्या झाल्या. तरी बाया नाकाला पदर लावून मासे वेचतच होत्या. फुकटचा मासा दिसल्यावर कुणाचा हात थांबतो?

"गेळ घातली कुणी तरी," हिरू म्हणाला.  "दिवस ठरायच्या आधी. चोरून."

कुणी नाव घेतलं नाही, पण माना काळ्याकडे वळल्या.

"मी नाय," काळ्या म्हणाला.

"तुझ्यासारखी गेळ कोण ठेचतंय?"

"वाघदेवाची आण, मी गेळाला हात लावला नाय!"

"तू त्या दिशी डोहातच उभा होतास की."

"गोण्या धुवत होतो! सगळ्यांनी बघितलंय. रूपी, तू सांग."

"गोण्याच धुवत होती," रूपी म्हणाली. "पण मागनं काय केलं ते मला काय ठाऊक?"

 झिरा बंद म्हणजे काय ते जमनानं एकदा बघितलं होतं. ती लहान असताना एका घराला असं केलं होतं. त्या घरच्या बाईला हायवेपलीकडच्या हापशावरून पाणी आणावं लागायचं, आणि वाटेत दिसली की पोरं "गेळचोर, गेळचोर" करत मागं लागायची. बाई मेली तरी नाव गेलं नाही. आणि काळ्या खरंच निर्दोष होता. हा माणूस दारू पितो, काम टाळतो, सगळं खरं, पण डोहाशी लबाडी? कधीच नाही.

ती कासोटा खोचून घरी धावली आणि आठ दिवसांमागं भरून ठेवलेला पाण्याचा हांडा घेऊन आली. रूपीच्या टोपलीतली एक शिंगटी तिनं उचलली. तिचे कल्ले अजून हलत होते. आपल्या हांड्यातल्या चांगल्या पाण्यात तिनं ती सोडली.

"या सगळे, बघा! गेळ असंल तर आत्ता पळायला लागंल. बघा डोळं फाडून!"

सगळे हांड्याभोवती वाकले. शिंगटीनं दोनदा तोंड वासलं, एका कुशीवर कलली आणि तळाला गेली. जमनानं बोटानं ढोसलं तरी हलली नाही. कल्ले उचकून बघितले तर आत भाजल्यासारखे झाले होते.

"गेळ नाय ही," हिरू सावकाश म्हणाला. "मग काय हाय?"

आता गप्प बसायला काय झालं होतं? नवरा सुटला होता. पण भ्यालेल्या माणसाची जीभ एकदा सुटली की आवरत नाही. दुसरं कुणीतरी सापडल्याशिवाय काळ्यावरचा डाग पुरता धुऊन निघणार नाही, हे जमनाला दिसत होतं.

"पावडर असंल," ती म्हणाली. "गावच्या पाण्याच्या टाकीत टाकतात ती. तिनं मासा मरतोच. आणि पावडरचं पिंप कुणाच्या घरात असतं?"

पावडरचं पिंप लक्ष्याच्या घरात असायचं. तो पंचायतीचा पाणीवाला, विहिरींत पावडर टाकायचं काम त्याचं. साधा, गायीसारखा माणूस. तो गर्दीत मागं उभा होता. सगळे त्याच्याकडे वळले.

"मी... मी कशाला टाकू? तिचा वास तर..."

त्याला पुढं बोलूच दिलं नाही. कुणीतरी त्याच्या सदऱ्याला धरलं, कुणी मुस्काटात दिली. त्याची बायको हिरकणी कडेवरचं तान्हं सावरत मध्ये पडली, तर तिचा हांडा लाथेनं उडाला आणि गोट्यांवर आपटून चेपला. हिरूनं काठी वर केली. "लक्ष्याच्या घराला झिरा बंद," तो म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

जमनाला पावडरचा वास ठाऊक नव्हता का? टाकीपाशी दर आठवड्याला येतो तो, नाकात तिखट चढतो. डोहाचा वास तो नव्हता. हे तिला तेव्हाही कळत होतं, बोलता बोलता कळत होतं. तरी ती बोलली.

*

संध्याकाळी घरोघर कालवण चढलं आणि घरोघर ते उकिरड्यावर गेलं. मसाला घाला, आमसूल घाला, वाफ आली की मुतारीच! जमनानं ओतलेलं कालवण कुत्र्यानं हुंगलं आणि ते शेपूट घालून निघून गेलं. काळ्या नुसताच भाकर चावत बसला होता.

तेवढ्यात तिची लेक शितल आली. आश्रमशाळेला सुटी लागल्यापासून ती झाईला मावशीकडे होती, यंदा दहावीत जायची होती. दारातच तिनं नाक दाबलं.

"आये, कसला वास गं हा?"

"डोह मेला," जमना म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. लक्ष्याचं सांगताना तिनं चुलीकडे तोंड केलं.

"लक्ष्यादादानं?" शितल म्हणाली. "पावडरचा वास असा नसतो. हा अमोनियाचा वास आहे. गोठा रात्रभर बंद ठेवला की डोळ्यांना झोंबतो ना, तोच." मग ती कुडाला लावलेल्या पांढऱ्या गोण्यांकडे बघत राहिली. "या कुठून आणल्या? धुतल्या कुठं?"

"डोहात. दरसाली धुतो तशा."

"भरलेल्या? आतल्या खतासकट?"

"दगड झालेलं गं. विरघळवलं."

शितल खालीच बसली. "आये, युरिया पाण्यात मुरला की त्याचा अमोनिया होतो. थोडा असला तर मातीत जिरतो, रोपं खातात. एवढ्याशा डोहात एवढा कोण खाणार? पाणी हिरवं झालं तेही त्यानंच. त्यात माशांचे कल्ले जळतात, त्यांना श्वास घेता येत नाही. मॅडमनी शिकवलंय आम्हाला. आणि तेच पाणी झिऱ्यात..."

फाडकन् तिच्या गालावर बसली. जमनाचा हात कधी उठला ते तिलाच कळलं नाही.

"खत म्हणजे खाणं असतं!" ती किंचाळली. "भाताला घालतो, त्यावर आपण जगतो. खाण्यानं कोण मरतं? शाळेत जाऊन आईला खुनी ठरवायला शिकलीस?"

शितल रडली नाही. गाल धरून म्हणाली, "पाणी गार झालं होतं का?"

 पोरगी तर झाईला होती. गार पाण्याचं तिला कुणी सांगितलं?

"युरिया विरघळला की पाणी गार होतं," शितल म्हणाली. "आम्ही करून बघितलंय, पेल्यात."

काळ्या भाकर खाली ठेवून उठला. "गप बसा दोघी. कुणी ऐकंल. माझ्यावरचं टळलंय ना? आता लक्ष्या बघून घेईल त्याचं. पाऊस काय आज ना उद्या पडायचाच." आणि ढेकर देऊन तो पडवीत जाऊन झोपला.

जमनाला त्याची किळस आली. एवढी वर्षं या माणसाच्या अंगाचा घाम, तंबाखूचा वास, सगळं तिनं चालवून घेतलं होतं. पण त्या ढेकरेची शिसारी आली. मग तिनं आपले हात नाकाशी नेले आणि तिला स्वतःचीच आली. राख लावून घासले, आमसूल चोळलं. वास होता की नव्हता, देव जाणे. तिला मात्र येत होता.

*

सकाळी ती तडक वाडीत गेली. मयुरा ओट्यावर तुळशीला पाणी घालत होती.

"वहिनी, तुमाला ठाऊक होतं?"

"काय गं?"

"त्या खतानं पाणी नासतं ते. आमचा डोह मेला. सगळा मासा मेला."

"अगं बाई!" मयुरा म्हणाली. "ठाऊक म्हणजे... म्हणूनच तर मी म्हटलं ना, आमच्या विहिरीपाशी नको म्हणून."

एवढं सरळ बोलली ती. चेहऱ्यावर वाईटपणाचं नावसुद्धा नाही. जमनाला वाटलं होतं ती नाकबूल करेल, चिडेल, मग आपल्यालाही चार शब्द बोलता येतील. ही तर आपली हुशारी सांगत होती.

"आमाला ओहोळावर धुवा म्हणालात."

"मग दुसरं कुठे सांगणार? वाहतं पाणी असतं ना तुमचं." मयुरानं तांब्या ठेवला. "बरं, ऐक ना. मागच्या खोलीत आणखी गोण्या निघाल्यात. आहेत तशाच दगड. नेतेस का?"

जमनाचं तोंड सवयीनं हसायला निघालं होतं. तिनं ते दात आवळून मिटलं. आणि कडेच्या केळीच्या आळ्यात ती भडाभडा ओकली.

"शी! तिकडे लांब जा ना गं!" मयुरा पाय मागे घेत ओरडली.

*

झिऱ्यावर रोजच्यासारखी हांड्यांची रांग होती. बाया नाक दाबून एकेक करवंटी भरत होत्या. मासे काढून टाकले की पाणी चांगलं होईल, असं हिरूनं सांगितलं होतं, म्हणून चाललं होतं. वरच्या वाटेनं हिरकणी चेपका हांडा डोक्यावर घेऊन हायवेकडे निघाली होती, काखेत तान्हं. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. हिरू गोट्यावर बसून होता.

जमना आली, तिच्या खांद्यावर गोण्यांचा भारा होता. कुडाला लावलेल्या, निजायला अंथरलेल्या, सगळ्या उसवून आणलेल्या. तिनं त्या झिऱ्यापुढं टाकल्या. मागून शितल धावत आली होती, तिच्या हातात घरी ठेवलेलं खताचं ढेकूळ होतं.

"हिरकणी, थांब!" जमना ओरडली. "लक्ष्यानं काय केलं नाय. मी केलंय. या गोण्यांतलं खत डोहात गेलं, त्यानं मासा मेला. मी न् काळ्यानं. वाडीच्या विहिरीवर वहिनीनं धुवू दिलं नाय, म्हणून इथं आणलं."

हिरूनं डोळे बारीक केले. "खतानं मासा मरतो? मग भात कसा पिकतो गं? येडी झालीस काय?"

"काल मीच पावडर म्हणाले. खोटं बोलले. वास पावडरचा नव्हता, मला ठाऊक होतं."

"आपलं ठेवायचं झाकून तर ही..." कुणीतरी पुटपुटलं.

शितलनं एका बाईच्या हांड्यात ढेकूळ टाकलं आणि हातानं ढवळलं. "हात लावा," ती म्हणाली. "कसं लागतंय बघा."

कुणी पुढं येईना. शेवटी रूपीनं बोटं बुडवली आणि चटका बसल्यासारखी काढली.

"गार," ती म्हणाली.

बास, एवढाच शब्द. पण एकेका बाईचं तोंड उतरत गेलं. दरसाली पाय सोडून बसायच्या त्या त्याच गारव्यात. यंदा गोण्या भरलेल्या होत्या, एरवी झटकलेल्या असायच्या, एवढाच फरक. प्रत्येकीच्या कौलाखाली गोणी होती आणि प्रत्येकीनं ती इथंच धुतली होती. रूपीच्या दुधीला तर तेच ढेकूळ घातलेलं होतं.

हिरकणी वाटेवरून खाली उतरली होती.  तान्हं तिनं रूपीच्या हातात दिलं, झिऱ्याशी बसली आणि करवंटी भरून जमनापुढं धरली.

"ज्यानं घातलं त्यानं पहिलं तोंड लावायचं," ती म्हणाली. "पाड्याची रीत हाय ना? मग पी. सगळ्यांदेखत."

"आये, नको!" शितल म्हणाली.

जमनानं करवंटी घेतली. पाणी दिसायला स्वच्छ होतं. तोंडाजवळ नेलं आणि वास नाकात गेला. डोळे मिटून तिनं एक घोट घेतला. घशाखाली उतरेना, पण तिनं तो उतरवला.

"कसं लागतं?" हिरूनं विचारलं.

"मूत," जमना म्हणाली. "मूत पितोय आपण."

रूपीनं आपला भरलेला हांडा वाळूवर पालथा केला. मग दुसरीनं, मग सगळ्यांनीच. पाणी वाळूत जिरलं, पुन्हा त्याच झिऱ्याकडे. हिरू काठी टेकत उठला.

"आता पाणी कुठलं आणायचं?" रूपीनं विचारलं. "पोरं तहानलीत."

हिरकणीनं तान्हं परत घेतलं. "जिथं हिला धुवू दिलं नाय तिथलं," ती म्हणाली. "तिथलं चांगलं असणार."

बाया रिकामे हांडे आणि पोरं घेऊन निघाल्या. हिरकणी सगळ्यांच्या पुढं होती, जमना सगळ्यांच्या मागं. वाडीच्या फाटकाशी कुत्रा भुंकला, पण एवढी माणसं बघून मागं सरला. मयुरा ओट्यावरून धावत आली.

"काय गं हे? कुठे शिरताय सगळ्या? अहो, बघा ना!" तिची नजर जमनावर गेली. "जमना, सांग ना यांना! हे आमचं प्यायचं पाणी आहे."

"व्हय वहिनी," जमना म्हणाली. "म्हणूनच आलोय." यावेळी ती हसली नाही.

हिरकणीनं तान्हं पुन्हा रूपीकडे देऊन दोर सोडला. बादली खाली आपटल्याचा आवाज आला, आणि वर आलं ते पाणी काचेसारखं नितळ. एकेकीचा हांडा भरत गेला. पोरांनी ओंजळी धरल्या. मयुरा मोबाइल कानाला लावून पाठमोरी बोलत होती, तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

सगळ्यांचं झाल्यावर जमना पुढं आली. तिनं दोराला हात घातला.

"हात काढ," हिरकणी म्हणाली.

जमनानं हात काढला.

"दोराला नको लावू. बादलीला पण नको. वास येतो तुझ्या हातांना." हिरकणीनं स्वतः बादली ओढली. "हांडा खाली ठेव. लांब हो."

जमनानं हांडा दगडावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरली. हिरकणीनं बादली उंच धरली, हांड्याला कुठंही न लावता, आणि वरून धार सोडली. हांडा काठोकाठ भरेपर्यंत जमना हात मागं बांधून उभी होती.